टाइप-सी आलं, आता जुन्या चार्जरचं काय करायचं?

नवा फोन किंवा टॅब घेतलेले ग्राहक हल्ली आम्हाला विचारतात, "आता सगळ्यांना टाइप-सीच आहे, मग कुठलीही केबल चालेल ना?" कुठलीही केबल बसेल, हे खरं. ती किती वीज आणि डेटा नेईल, हे मात्र केबलच्या आत काय आहे त्यावर ठरतं. तेवढंच नीट समजावून सांगण्यासाठी हे माहितीपत्रक.

एकच पिन असावी, ही कल्पना नवी नाही. युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने २००९ मध्ये मोठ्या मोबाइल कंपन्यांनी मायक्रो-यूएसबी या तेव्हाच्या छोट्या पिनवर सहमती दाखवली होती. पण ते सगळं ऐच्छिक होतं आणि सोबत अडॅप्टर दिला तरी चालत होतं, म्हणून काम अर्धवट राहिलं. मग २०२२ मध्ये युरोपीय संघाने कायदाच केला. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे बाजारात येणाऱ्या नव्या फोन, टॅबलेट, कॅमेरा, हेडफोन, ई-रीडर अशा उपकरणांना टाइप-सी सक्तीचं झालं; लॅपटॉपसाठी तारीख होती २८ एप्रिल २०२६. २०१२ पासून लाइटनिंग पिन वापरणारा आयफोनही २०२३ च्या आयफोन १५ पासून टाइप-सीवर आला. हा नियम नव्या मालासाठी आहे. तुमचा जुना फोन चांगला चालत असेल तर केवळ पिनसाठी तो बदलू नका.

आता सगळ्यात जास्त विचारली जाणारी शंका: लॅपटॉपच्या ६५ वॉटच्या चार्जरने फोन जळेल का? चार्जर चांगल्या प्रतीचा असेल तर नाही. टाइप-सी चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. फोनने मागितलं आणि चार्जरला ते जमत असलं, तरच ९, १५ किंवा २० व्होल्टपर्यंत मजल जाते. या बोलणीलाच पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, म्हणतात. चार्जरवरचा वॉटचा आकडा ही त्याची कमाल क्षमता असते. फोन स्वतःला हवी तेवढीच वीज घेतो. उलट केलं, म्हणजे फोनचा छोटा चार्जर लॅपटॉपला लावला, तर चार्जिंग फार हळू होईल किंवा होणारच नाही. म्हणून घरात एकच चार्जर ठेवायचा असेल तर तुमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या उपकरणाला पुरेल असा पीडी चार्जर घ्या.

काही कंपन्यांची वेगवान चार्जिंगची स्वतःची वेगळी पद्धत असते. असा फोन दुसऱ्या चार्जरवर चार्ज होतो, पण खोक्यावर लिहिलेला वेग मिळत नाही. फोन बिघडला असं समजून आमच्याकडे येण्याआधी मूळ चार्जर आणि मूळ केबल लावून बघा.

खरी फसगत केबलमध्ये होते. दिसायला दोन केबल अगदी सारख्या असतात. साधी सी-टू-सी केबल (दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली) ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे ६० वॉटपर्यंत चालते. त्याहून जास्त विजेसाठी ५ अँपिअरची केबल लागते आणि तिच्या टोकात एक छोटी चिप असावी लागते. ती नसली तर १०० वॉटचा चार्जरही ६० च्या पुढे जात नाही. डेटाचंही तसंच. चार्जिंगसाठी मिळणाऱ्या बऱ्याच केबल सेकंदाला ४८० मेगाबिट एवढ्याच वेगाच्या असतात. ६० जीबी व्हिडिओ त्या वेगाने उतरवायला हिशेबाने सतरा मिनिटं लागतात, प्रत्यक्षात आणखी जास्त. १० गिगाबिटच्या केबलला हिशेबाने एक मिनिटही लागत नाही. मात्र फोनमध्येही तो वेग हवा. साध्या आयफोन १५ मध्ये तो नाही, प्रो मध्ये आहे. तेव्हा केबल घेताना वॉट आणि डेटाचा वेग दोन्ही छापलेले बघा. काहीच छापलेलं नसेल तर ती केबल फक्त साध्या चार्जिंगपुरती समजा.

एक अडचण ग्राहकांना फार गोंधळात टाकते. स्वस्त टॉर्च, ट्रिमर किंवा स्पीकरला टाइप-सी असतं, पण नव्या सी-टू-सी केबलवर ते अजिबात चार्ज होत नाहीत. दोष चार्जरचा नसतो. समोर उपकरण आहे हे ओळखल्याशिवाय चार्जरचा सी पोर्ट, म्हणजे केबल लावायची खाच, वीज सोडत नाही, आणि ती ओळख पटवणारे दोन छोटे रेझिस्टर अशा उपकरणात बसवलेलेच नसतात. जुना चौकोनी यूएसबी-ए चार्जर अशी ओळख विचारत नाही, म्हणून त्यावर तेच उपकरण लगेच चार्ज होतं. यासाठी एक ए-टू-सी केबल आणि एक जुना चार्जर नक्की जपून ठेवा.

केबल ढिली बसते, हलवली की चार्जिंग तुटतं, अशी तक्रार असेल तर पोर्ट बदलायची घाई करू नका. पुष्कळदा आत खिशातल्या कपड्याचे धागे आणि धूळ दाबून बसलेली असते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद बाहेर ओढा. सुई किंवा टाचणी कधीही घालू नका. मधल्या पातळ पट्टीवर दोन्ही बाजूंनी मिळून २४ संपर्क असतात आणि ती पट्टी तुटली तर पोर्टच बदलावा लागतो. पोर्ट ओला असेल तर पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका.

जुन्या केबलपैकी वायर उघडी पडलेल्या, टोकाशी गरम होणाऱ्या किंवा काळपट झालेल्या केबल आजच बाजूला काढा. त्या घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. चांगल्या लाइटनिंग आणि मायक्रो-यूएसबी केबल, त्या पिनचं एक जरी उपकरण घरात असेल, तोवर राहू द्या.

चार्जिंगची तक्रार घेऊन आमच्याकडे याल तेव्हा फोन, चार्जर आणि केबल तिन्ही सोबत आणा. एकेक वस्तू बदलून पाहिली की दोष कशात आहे ते तुमच्यासमोरच कळतं, आणि पुष्कळदा नवी केबल घेण्यावरच भागतं.