‘ग्वायलो’ला राग का येत नाही?

हाँगकाँगमध्ये बोलल्या जाणाऱ्या कँटनीज भाषेत गोऱ्या माणसाला ‘ग्वायलो’ म्हणतात. ‘ग्वाय’ म्हणजे भूत आणि ‘लो’ म्हणजे गडी, बाप्या. खाटकालाही ‘डुकराच्या मांसाचा लो’ म्हणतात, तेव्हा ‘लो’मध्ये फारसं विष नाही. ते होतं भुतात. पण आज हाँगकाँगमधले कितीतरी गोरे हसत हसत स्वतःला ग्वायलो म्हणवतात, त्या नावाची बिअरही मिळते. एका ब्रिटिश अभियंत्याने या शब्दावरून वांशिक भेदभावाचा दावा लावला, तेव्हा हा शब्द अपमानकारकच असतो असं नाही, म्हणून तिथल्या जिल्हा न्यायालयाने 2022 साली तो दावा फेटाळला.

गोऱ्यांना हा शब्द झेपतो, कारण त्या शहरात ते बहुधा साहेबाच्या खुर्चीत होते. दक्षिण आशियाई माणसासाठीचा ‘आ-छा’ बघा. तो आपल्या ‘अच्छा’वरून आला असं सर्रास सांगतात. अर्थाने किती निरुपद्रवी! तरी तो बोचतो. फिलिपिनो मोलकरणींसाठीच्या ‘बन-मुई’तली ‘मुई’ तर नुसती पोरगी, धाकटी बहीण. पण हाँगकाँगमध्ये तीन लाखांहून जास्त परदेशी घरकामगार आहेत, कायद्याने त्यांना मालकाच्याच घरी राहावं लागतं, आणि चाळिशीच्या बाईलाही ‘मुई’च म्हटलं जातं.

तुच्छता व्याकरणातही शिरते. कँटनीजमध्ये माणसं मोजताना संख्येनंतर एक गणकशब्द लागतो: आदराने ‘वाय’, एरवी ‘को’. लांबट वस्तूंसाठीचा ‘थिउ’ माणसाला लावला की झाला अपमान. आपण कुणाला ‘नग’ म्हणतो ना, तसंच. फक्त इथे एकही शिवी न उच्चारता काम भागतं.

मुंबईहून कापूस आणि अफू घेऊन कँटनला जाणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांनाही नाव पडलं होतं: ‘पाक-थाउ’, पांढरी डोकी, त्यांच्या पांढऱ्या पगड्यांवरून. मकावमधल्या पारशी दफनभूमीचं चिनी नाव आजही तेच आहे.

सर्वांत बोलकं उदाहरण मात्र शेजाऱ्यांचं. 1979च्या एका हाँगकाँगच्या टीव्ही मालिकेत मुख्य भूमीवरून, म्हणजे चीनमधून, आलेला ‘आ-छान’ नावाचा गावंढळ तरुण होता. त्याचं नाव तिकडून येणाऱ्या सगळ्यांनाच चिकटलं. पुढे मुख्य भूमी श्रीमंत झाली. तिथल्या झगमगाटात बावरलेल्या हाँगकाँगकराला आता ‘गोंग-छान’ म्हणतात, म्हणजे हाँगकाँगचा छान.