फुकट आणि मुक्त: शाळेच्या संदर्भसाहित्यातला फरक

एखादा शब्दकोश पैसे न भरता डाउनलोड झाला की तो 'मुक्त' आहे, असं आपण सहज म्हणून जातो. इंग्रजीत दोन्हींसाठी 'फ्री' हा एकच शब्द चालतो, गोंधळ तिथूनच येतो. मराठीत दोन वेगळे शब्द असताना आपण तो कशाला ओढवून घ्यायचा?

फुकट म्हणजे आज पैसे पडत नाहीत, एवढंच. हक्क सगळे मालकाकडेच. उद्या त्याने लॉगिन मागितलं, शुल्क लावलं किंवा साइटच बंद केली, तर शाळेच्या हातात काही उरत नाही.

मुक्त म्हणजे प्रत जवळ ठेवायची, वापरायची, बदलायची, दुसऱ्या साहित्यात मिसळायची आणि पुढे वाटायची परवानगी आधीच लेखी दिलेली. विकिपीडिया असा आहे. किविक्स हे ॲप वापरून तो अख्खा उतरवून घेता येतो आणि इंटरनेट नसलेल्या वर्गातही उघडतो. उलट, मुक्त पुस्तक नेहमी फुकटच असतं असंही नाही. ओपनस्टॅक्स या मुक्त पाठ्यपुस्तकांच्या प्रकल्पाची पुस्तकं ऑनलाइन विनामूल्य आहेत, छापील प्रतीला मात्र पैसे पडतात.

खरा कस लागतो तो भाषांतराच्या वेळी. मुलांना समजेल अशा भाषेत धडा आणायचा, अवघड उदाहरण काढून सोपं घालायचं आणि ते शेजारच्या शाळेलाही द्यायचं, हे शिक्षकाचं रोजचं काम. अशी परवानगी लेखी देण्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे तयार परवाने २००२ पासून वापरात आहेत, पण ते सगळे सारखे नाहीत; फरक परवान्याच्या नावातल्या अक्षरांवरून कळतो. नुसतं 'बीवाय' (BY) असेल तर मूळ लेखकाचं नाव द्या आणि हवं ते करा. 'एसए' (SA) जोडलेलं असेल तर तुमचं भाषांतरही त्याच अटींवर खुलं ठेवा. 'एनडी' (ND) दिसलं की थांबा: जसंच्या तसं वाटता येईल, पण भाषांतर करून वाटता येणार नाही. म्हणून शाळेसाठी 'एनडी'ला मी मुक्त मानतच नाही. 'एनसी' (NC) व्यापारी वापर रोखतं. विकिपीडिया असा मजकूर घेत नाही.

आणखी एक अडचण परवान्यात दिसत नाही. धडा फक्त पीडीएफमध्ये असेल तर बदलायचा हक्क असूनही काम जिकिरीचं होतं. मूळ संपादनयोग्य फाइल मिळते का, तेही बघा.

परवान्याची ओळ बहुधा पानाच्या तळाशी किंवा पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर असते. अलीकडच्या साहित्यावर ती कुठेच सापडली नाही तर सर्व हक्क राखीव आहेत असं धरा, कारण कॉपीराइट न मागताच लागू होतो.