दोन मित्र, दोन अटी आणि एकच अक्षर

‘तू मला शंभर दे, म्हणजे माझ्याकडे तुझ्या दुप्पट पैसे होतील,’ एक मित्र म्हणतो. दुसरा म्हणतो, ‘त्यापेक्षा तूच मला दहा दे, मी तुझ्या सहापट श्रीमंत होतो की नाही बघ.’ तर दोघांकडे मुळात किती पैसे आहेत?

हे कोडं भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथातलं, म्हणजे ११५० च्या सुमाराचं. आधी ते आपल्या शाळेच्या पद्धतीने सोडवू. पहिल्याकडे क्ष, दुसऱ्याकडे य.

क्ष + १०० = २(य − १००)
य + १० = ६(क्ष − १०)

पहिल्या समीकरणात क्ष एकटाच आहे, त्याचा सहगुणक (त्याला गुणणारा आकडा) १ आहे, म्हणून तो चटकन मोकळा होतो: क्ष = २य − ३००. आता दुसऱ्या समीकरणात क्ष दिसेल तिथे ही सगळी राशी ठेवायची.

य + १० = ६(२य − ३०० − १०)
य + १० = १२य − १८६०
११य = १८७०

य = १७०, आणि मग क्ष = ३४० − ३०० = ४०. ताळा करायला वेळ लागत नाही. शंभर घेतले तर १४० आणि ७०, दुप्पट. दहा दिले तर ३० आणि १८०, सहापट.

या रीतीत घात होतो तो कंसाने. क्षच्या जागी राशी ठेवताना कंस गाळला की ६ फक्त २य ला लागतो, ३१० तसेच राहतात, आणि ११य = ३२० असलं काहीतरी समोर येतं. परीक्षेत गेलेले कितीतरी मार्क या एका कंसापायी गेलेले असतात.

पण एका समीकरणातली किंमत दुसऱ्यात ठेवायला परवानगी कुणी दिली? पहिली अट एकटी घेतली तर तिला चालणाऱ्या जोड्या ढीगभर आहेत: २० आणि १६०, १०० आणि २००, वाटेल तितक्या. क्ष = २य − ३०० म्हणजे या सगळ्या जोड्यांची यादीच, एका ओळीत लिहिलेली. ती दुसऱ्या अटीत ठेवली की आपण फक्त यादीतल्याच जोड्या तपासतो. २० आणि १६० घ्या: दुसऱ्याचे होतात १७०, हवे होते ६०. १०० आणि २०० घ्या: होतात २१०, हवे होते ५४०. आधी जास्त, मग कमी. मधे कुठेतरी जुळणारच. नेमकं कुठे, ते समीकरण सांगतं.

भास्कराचार्यांनी मात्र दोन अक्षरं घेतलीच नाहीत. अनेक अज्ञात असले की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं देऊन ती हाताळायची रीत त्यांना ठाऊक होतीच, पण हे उदाहरण त्यांनी एका ‘यावत्तावत्’वर, म्हणजे एकाच अज्ञातावर, भागवलं. त्याचं लघुरूप ‘या’. पहिल्याचं धन मानलं २या − १००, दुसऱ्याचं या + १००. आता शंभर इकडून तिकडे गेले की उरतात २या आणि या. पहिली अट नाव ठेवतानाच पुरी झाली! राहिली दुसरी:

या + ११० = ६(२या − ११०)

म्हणजे ११या = ७७०, या = ७०; धनं ४० आणि १७०. आकडे लहान, आकडेमोड निम्मी. आपण जे दोन पायऱ्यांत करतो ते इथे मांडणीतच उरकलंय, आणि माझ्या मते शाळेच्या रीतीपेक्षा हे देखणं आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याची नोंद आहे. त्या मठातल्या विद्यार्थ्यांपुढेही हे दोन मित्र आलेच असणार.

एक चकवा हमखास भेटतो. क्षची किंमत ज्या समीकरणातून काढली त्यातच परत ठेवली, तर ० = ० येतं आणि वाटतं, गणित बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. यादीतली प्रत्येक जोडी त्या अटीला चालतेच, एवढंच ते सांगतं. क्ष + य = १० आणि २क्ष + २य = २५ यांत मात्र किंमत ठेवल्यावर २० = २५ येतं. तिथे दोन अटींचंच भांडण आहे, उकल नाही.

७क्ष + ५य = ४१ आणि ३क्ष − ४य = ८ असं काही समोर आलं तर किंमत ठेवण्याच्या भानगडीत पडू नये, अपूर्णांक छळतात; सरळ लोप पद्धत घ्यावी, म्हणजे समीकरणांची बेरीज-वजाबाकी करून एक अक्षर उडवावं. पण लोप पद्धत हात टेकते तिथेही किंमत ठेवण्याची रीत चालते. दोन संख्यांची बेरीज १० आणि गुणाकार २१ असेल, तर समीकरणांची कितीही बेरीज-वजाबाकी करा, एक अक्षर असं उडत नाही. क्षच्या जागी १० − य ठेवा: (१० − य)य = २१. वर्गसमीकरण सुटतं आणि संख्या मिळतात ३ आणि ७.