जुने गोवे आणि गोवा वेल्हा: दोन नद्या, दोन बंदरे

पणजीहून साधारण दहा किलोमीटर पूर्वेला, मांडवीकाठी, जुने गोवे. जवळपास तेवढ्याच अंतरावर दक्षिणेला, मडगावच्या रस्त्यावर, गोवा वेल्हा. तिथला काठ जुवारीचा. दोन्ही गावे तिसवाडी तालुक्यात, दोन्ही एकेकाळी राजधानी आणि दोन्ही बंदरे. त्यामुळे घोटाळा ठरलेलाच. पाहुण्यांना आपण जुन्या गोव्यात नेतो, चर्च दाखवतो आणि 'हीच कदंब राजांची राजधानी' असे सांगून मोकळे होतो.

कदंबांचे बंदर जुवारीवरचे. अकराव्या शतकात त्यांनी चांदरहून राजधानी हलवली ती गोपकपट्टणला, म्हणजे आजच्या गोवा वेल्ह्याच्या परिसरात. पहिल्या जयकेशीच्या ताम्रपटात या बंदराचे जिवंत चित्र आहे: अरब घराण्यातला छडम हा राजाचा मोठा अधिकारी, आणि बंदरात लागणाऱ्या गलबतांकडून घ्यायच्या करातून मशिदीच्या खर्चाची सोय. परक्या दर्यावर्दींना कारभारात जागा देणारे हे राज्य होते, आणि गोव्याच्या इतिहासातले हे पान मला सर्वांत मोलाचे वाटते. पुढे चौदाव्या शतकात दिल्लीच्या फौजा आल्या, काठ गाळाने भरत गेला आणि व्यापार मांडवीकडे सरकला.

मांडवीवरचे एला आदिलशाहीत भरभराटीला आले आणि १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने घेतले. तेच आजचे जुने गोवे. लिस्बनहून येणारी जहाजे इथे लागत, गोदीत नवी बांधली जात. दिवाडी बेटाच्या फेरीधक्क्याकडे उतरताना लागणारी व्हाइसरॉयची (पोर्तुगीज राज्यपालाची) कमान नीट पाहा. नदीच्या बाजूला वास्को द गामा उभा आहे. आतल्या बाजूला तलवार घेतलेली स्त्री, आणि तिच्या पायाखाली पौर्वात्य वेशातला माणूस. बोटीतून उतरणाऱ्याला दर्यावर्दी आणि शहरात राहणाऱ्याला जेता दाखवायचा, हा त्यामागचा हेतू मला तरी स्पष्ट दिसतो. रोगांच्या साथींनी शहर पोखरले, १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला गेला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली.

मागे उरले तेही सारखे नाही. जुन्या गोव्याची चर्च १९८६ पासून जागतिक वारशात आहेत आणि ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला तिथे पाय ठेवायला जागा नसते. गोवा वेल्ह्याला लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, संतांची मिरवणूक निघते, तेव्हा गर्दी लोटते. पण ती बंदरासाठी नव्हे. कदंबांचे नाव आपण रोज गोव्याच्या सरकारी 'कदंब' बसवर वाचतो, आणि तीच बस त्यांच्या राजधानीतून न थांबता पुढे जाते, याचे मला खरोखर वाईट वाटते.

दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतात. सकाळी गोवा वेल्ह्याजवळच्या पिलारच्या टेकडीवरचे संग्रहालय पाहा, तिथून जुवारीच्या काठाला उतरून जुन्या बंदराची चिऱ्यांची भिंत शोधा आणि दुपारनंतर जुन्या गोव्याला जा. हाच इतिहासाचाही क्रम आहे.