पाचट पेटवण्याआधी दुकानात एक चक्कर मारा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

खत विकणाऱ्या दुकानदारानंच "खत कमी न्या" म्हणावं, हे जरा विचित्र वाटेल. पण शिरोळ तालुक्यातली चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट आणि नापीक झालेली रानं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. त्यात बेसुमार पाण्याचा वाटा मोठा, तरी "अजून एक पोतं टाका" असं सांगणारे आम्हीही होतो. रानच बसलं तर आमचा गल्लाही बसणार.

आधी पाचटाचं बोलू. ऊस तुटून गेला की एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, रानात पडतं. त्यात नत्र अर्धा टक्का धरलं, तरी १५ ते २० किलो भरतं. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नत्र असतं २० किलोच्या आसपास. म्हणजे पाचटाला काडी लावली की जवळजवळ पोतंभर युरिया पेटला. सेंद्रिय कर्ब गेला तो वेगळाच.

खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक) राखताना पाचट सरीत दाबा आणि बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. टनाला ८ किलो युरिया आणि १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पाचटावर पसरा. १ किलो जिवाणू संवर्धक मात्र शेणखतात मिसळून टाका, युरियात कालवू नका. मग पाणी. "कुजवायला परत युरिया कशाला?" असं बरेच जण विचारतात. कुजवणाऱ्या जिवाणूंनाही नत्र लागतं. वरून दिलं नाही तर ते मातीतलं ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. पहिलं पाणी सरीत रेंगाळतं, ही तक्रार खरी आहे. पाचटाची कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे केले की ती बरीच कमी होते. कुट्टी मशीन दुकानात भाड्यानं मिळेल. तोडीची तारीख कळली की नंबर लावून ठेवा.

दुसरं, लावणीची खतं घ्यायला येताना माती परीक्षणाचा अहवाल आणा. तो बघूनच पोती काढू. स्फुरद भरपूर असलेल्या रानाला सवयीनं डीएपी, म्हणजे नत्र-स्फुरदाचं खत, देणार नाही, मग गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल.

अहवाल नसेल तर नमुना आणा, प्रयोगशाळेत आम्ही पोचवू. रानात नागमोडी फिरत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा फूटभर खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची माती खरवडा. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरडा टाळा. सगळी माती मिसळून अर्धा किलो ठेवा, सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या पोत्यातून आणलेली माती परत पाठवावी लागते.