दोन आजार, एकच नाव: तान्ह्या बाळाचा नेफ्रोटिक आणि मोठ्या मुलाचा नेफ्रोटिक

बाळाच्या डोळ्यांभोवती सूज, लघवीतून प्रथिनं जाताहेत, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरलंय. डॉक्टर मूत्रपिंडाच्या या आजाराला ‘नेफ्रोटिक सिंड्रोम’ म्हणतात आणि ओळखीतलं कुणीतरी धीर देतं, “आमच्याकडेही झालं होतं, स्टेरॉइडनं उतरलं.” ते खरंच असतं. पण ते मूल तीन वर्षांचं होतं की तीन आठवड्यांचं?

वर्षानंतर, बहुधा दोन ते सहा या वयात होणाऱ्या नेफ्रोटिकमध्ये दहातल्या आठ-नऊ मुलांना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागू पडतं, बहुतेकदा चार आठवड्यांच्या आतच. आजार पुन्हा पुन्हा उलटतो, पालक मेटाकुटीला येतात; तरी यातल्या बहुतेकांची मूत्रपिंडं शाबूत राहतात.

पहिल्या तीन महिन्यांत दिसणारा जन्मजात नेफ्रोटिक मात्र बहुतेकदा आनुवंशिक असतो. मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या बारीक फटींवरचा पडदा नेफ्रिन या प्रथिनाचा असतो. त्याचं एनपीएचएस१ हे जनुक १९९८ मध्ये सापडलं. या जनुकातल्या दोषानं होणारा प्रकार फिनलंडमध्ये सर्वाधिक, म्हणून त्याला ‘फिनिश प्रकार’ म्हणतात, पण तो जगात कुठेही आढळतो. आईवडील दोघेही ठणठणीत, पण दोषाचे वाहक. प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची २५ टक्के शक्यता. बाळ अनेकदा दिवस भरण्याआधीच जन्मतं आणि वार बाळाच्या वजनाच्या पाव हिश्श्याहून जड भरते. ही नोंद बाळंतपणाच्या कागदांत असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवावी.

इथे स्टेरॉइडचा आग्रह धरू नये, हे मला कळकळीनं सांगायचंय. पडदाच नीट घडला नसेल तर स्टेरॉइड तो घडवू शकत नाही. उलट लघवीतून प्रतिपिंडं आधीच वाहून जात असतात, त्यात संसर्गाचा धोका वाढतो. थायरॉइडचं हॉर्मोन आणि रक्त गोठू न देणारी प्रथिनंही जातात, म्हणून गुठळ्यांची भीती. उपचार म्हणजे शिरेतून अल्ब्युमिन, भरपूर उष्मांक, थायरॉक्सिन. पुढे बहुतेकांना डायलिसिस आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण.

क्वचित कारण जनुकात नसतं. जन्मजात सिफिलिसमुळे झालेला नेफ्रोटिक पेनिसिलिननं बरा होतो, त्यामुळे ती तपासणी आधी हवी. जनुक चाचणीही टाळू नये: डब्ल्यूटी१ या जनुकात दोष निघाला तर विल्म्स या मूत्रपिंडाच्या कर्करोगावर नियमित सोनोग्राफीनं नजर ठेवावी लागते. शिवाय नेमका दोष माहीत असेल तरच पुढच्या गरोदरपणात गर्भाची जनुक चाचणी करता येते.