गुमटीवरच्या पाऊचच्या माळा आणि तेरा वर्षांची पोरं

इंदूरात कुठल्याही गुमटीसमोर, म्हणजे पानाच्या टपरीसमोर, दोन मिनिटं उभं राहून बघा, भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या गल्ल्यांत असो की रामबागेत. वर तंबाखू-पान मसाल्याच्या पाऊचच्या माळा लटकलेल्या, मधे बरणीत टॉफ्या आणि च्युइंगम, मागे सिगरेटची पाकिटं रांगेत, आणि खांबाला दोरीनं बांधलेला लायटर. टॉफी घ्यायला आलेल्या पोराची मान जिकडे वळेल तिकडे तंबाखूच. त्याला कोणी "घे रे" म्हणत नाही, तशी गरजच पडत नाही.

कारण आपण समजतो जाहिरात म्हणजे कोणीतरी पटवून देणं, पण नुसतं रोज दिसत राहणं हेही भरपूर काम करतं. रॉबर्ट झायोन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्येच दाखवलं होतं की एखादी गोष्ट पुन्हापुन्हा नजरेखालून गेली की तिच्याबद्दल काही ठाऊक नसतानाही ती आपल्याला बरी वाटायला लागते. आणि मुलांची नजर तर विचारूच नका. अमेरिकेत १९९१ मध्ये लहान मुलांना चित्रांच्या जोड्या लावायला दिल्या, तर सहा वर्षांच्या ९१ टक्के मुलांनी एका ब्रँडचा कार्टून उंट बरोब्बर सिगरेटशी जोडला, म्हणजे मिकी माउसइतकाच ओळखीचा!

मग हे ओढण्यापर्यंत जातं का? कॅलिफोर्नियात लिसा हेन्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी ११ ते १४ वर्षांच्या, कधीच सिगरेट न ओढलेल्या मुलांवर लक्ष ठेवलं, २०१० मध्ये ते छापून आलं. सिगरेटच्या जाहिराती जास्त असलेल्या दुकानांत आठवड्यातून दोनदा तरी जाणाऱ्यांपैकी २९ टक्के मुलांनी वर्षभरात सिगरेट ओढून बघितली, क्वचित जाणाऱ्यांपैकी ९ टक्क्यांनी. आता कोणी म्हणेल की वांड पोरंच अशा दुकानांत जास्त जातात, त्यात दुकानाचा काय दोष. शंका रास्त आहे, म्हणूनच त्यांनी मित्र ओढतात का, घरात कोणी ओढतं का, मार्क कसे पडतात, हे सगळं हिशोबात धरून बघितलं, तरी फरक उरलाच.

मला स्वतःला आयर्लंडची गोष्ट जास्त बोलकी वाटते. तिथे जुलै २००९ पासून दुकानात सिगरेटची पाकिटं दिसतील अशी ठेवायलाच बंदी आली, सगळं झाकून. आधी ८१ टक्के मुलांना दुकानातली पाकिटं बघितल्याचं आठवत होतं, नंतर २२ टक्क्यांना. पण खरी मजा पुढे आहे. आपल्या वयाच्या पाचातल्या एकापेक्षा जास्त मुलं ओढतात असं मानणारी पोरं ६२ टक्क्यांवरून ४६ वर आली. म्हणजे "सगळेच करतात" हा समज मुलं बऱ्यापैकी दुकानाच्या भिंतीवरून उचलत होती. आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १५ वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू घेत होते, म्हणजे ९१ टक्के घेत नाहीत, पण ते गुमटीवर दिसणार कसे?

कायदा नाही असं नाही हं. २००३ च्या कायद्यात १८ च्या खालच्यांना विक्री बंद, शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विक्री बंद, आणि जाहिरातीवर बंदी. दुकानावर बोर्ड चालतो पण ६० बाय ४५ सेंटिमीटरचा, आत लाइट नको, ब्रँडचं नाव नको, फक्त काय मिळतं ते लिहायचं आणि वर इशारा. आता पाऊचची माळ ही जाहिरात की माल? कंपनीला विचाराल तर माल, आणि डोळ्यांना विचाराल तर अख्खं होर्डिंग.

गुटख्याचंही तसंच. २०१२ मध्ये गुटख्यावर सगळ्यात आधी बंदी घातली ती आपल्याच मध्य प्रदेशानं, तर लगेच पान मसाला एका पाऊचमध्ये आणि तंबाखू दुसऱ्यात, दोन्ही शेजारीशेजारी, घरी जाऊन मिसळा बापडे. पान मसाल्याच्या मोठमोठ्या जाहिराती आहेतच, नाव तेवढं डोक्यात बसलं की झालं.

आणि खुल्ली सिगरेट! २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशाऱ्याचं ते भयानक चित्र छापावं लागतं, पण कोचिंगमधून सुटलेला पोरगा एकच सिगरेट मागतो, भय्या पाकीट काउंटरखाली उघडतो, सिगरेट वर येते आणि चित्र खालीच राहतं.